पुंगळी आणि आप्तवचन

जमिनीत सापडलेल्या जुन्या काडतुसाविषयी पहिले दोन प्रश्न ठरलेले असतात: हे कोणत्या बंदुकीचे, आणि कधीचे? मेटल डिटेक्टर घेऊन माळरान पालथे घालणारा हौशी शोधक असो की विद्यापीठातला पुरातत्त्वज्ञ, सुरुवात याच प्रश्नांपासून होते. उत्तर मिळाले की त्यांना एक खात्री वाटते, आणि ती कुणा म्हाताऱ्याने सांगितलेल्या आठवणीने कधी वाटत नाही. धातू खोटे बोलत नाही, माणूस बोलतो, अशी ती खात्री. तिचीच तपासणी मला इथे करायची आहे. वस्तूची साक्ष माणसाच्या शब्दाहून स्वभावतःच श्रेष्ठ असते का, हा ज्ञानमीमांसेतला प्रश्न आहे, आणि आपल्याकडच्या नैयायिकांनी, मीमांसकांनी आणि बौद्धांनी त्यावर कित्येक शतके वाद घातला आहे. त्यांच्यासमोर डोंगरावरचा धूर होता, पूर आलेली नदी होती, रानातला गवय होता. काडतूस अर्थातच नव्हते. पण काडतुसाची ओळख पटवणे आणि त्याचा काळ ठरवणे ही टप्प्याटप्प्याने उलगडून दाखवता येणारी इतकी स्वच्छ ज्ञानक्रिया आहे, की त्या जुन्या वादातले सिद्धान्त तिच्यावर घासून पाहता येतात. माझे म्हणणे असे, की पुंगळीची साक्ष शब्दाची जागा घेऊ शकत नाही, कारण ती स्वतःच शब्दाच्या आधाराने उभी राहते. म्हणून पुंगळीवर विश्वास ठेवायचा आणि तेवढ्यावरून माणसाला अविश्वसनीय ठरवायचे, यात तर्काचा दोष आहे आणि अन्यायही आहे.

यासाठी उदाहरण घ्यायचे तर अमेरिकेतल्या माँटाना प्रांतातल्या लिटल बिगहॉर्न नदीकाठच्या रणभूमीइतके योग्य दुसरे नाही. २५ जून १८७६ रोजी लेफ्टनंट कर्नल जॉर्ज आर्मस्ट्राँग कस्टर याने सातव्या घोडदळासह लाकोटा आणि शायान लोकांच्या मोठ्या वस्तीवर चाल केली. त्याच्याबरोबर थेट गेलेल्या पाच कंपन्यांतले सुमारे २१० लोक मारले गेले, एकही सैनिक परतला नाही. मेजर रीनो आणि कॅप्टन बेन्टीन यांच्या तुकड्या काही मैलांवरच्या टेकडीवर अडकून पडल्या होत्या, त्यांनी कस्टरचा शेवट पाहिला नाही. म्हणजे या लढाईच्या निर्णायक भागाचे प्रत्यक्षदर्शी उरले ते फक्त एका बाजूचे, आणि ते शेकड्यांनी होते. त्यांनी सांगितलेही. मिनिकोंजू लाकोटा असलेल्या रेड हॉर्सने १८८१ मध्ये लढाईची हकीकत दिली आणि चाळीसच्या घरात चित्रे काढली. गॉल हा हंकपापा सरदार १८८६ मध्ये, दहाव्या स्मृतिदिनी, रणभूमीवर उभा राहून काय कुठे घडले ते दाखवत होता. टू मून्स या शायान सरदाराची मुलाखत १८९८ मध्ये मासिकात छापून आली. या सगळ्यांच्या सांगण्यात पुष्कळ फरक होते, पण एक चित्र वारंवार येत होते: सैनिकांची फळी फार काळ टिकली नाही, काही ठिकाणी ती एकदम मोडली, माणसे घाबरून एकमेकांत मिसळली आणि बराचसा शेवट पळापळीत झाला. अमेरिकन समाजाने मात्र दुसरेच चित्र भिंतीवर लावले, आणि हे अक्षरशः खरे आहे. १८९६ मध्ये एका बिअर कंपनीने कस्टरच्या अखेरच्या झुंजीचे रंगीत शिळाछाप चित्र छापून देशभरच्या दारूच्या गुत्त्यांत वाटले. त्यात अखेरच्या क्षणापर्यंत लढणारे शूर सैनिक होते. हे दृश्य पाहणारा एकही साक्षीदार त्या चित्रामागे नव्हता, तरी कित्येक दशके इतिहास म्हणून तेच खपले.

ऑगस्ट १९८३ मध्ये त्या माळावर वणवा लागला आणि दाट गवत जळून जमीन उघडी पडली. पुरातत्त्वज्ञ रिचर्ड फॉक्स याने आधी पाहणी केली, मग १९८४ आणि १९८५ मध्ये डग्लस स्कॉट आणि फॉक्स यांनी मोठे संशोधन हाती घेतले. त्यातली मुख्य पद्धत होती मेटल डिटेक्टरची. स्वयंसेवक ठरावीक अंतर ठेवून रांगेत चालत, आवाज आला तिथे नुसते निशाण रोवत. मागून येणारे हलक्या हाताने उकरत, आणि वस्तू उचलण्याआधी तिची जागा, खोली, दिशा मोजून नोंदवत. मिळालेल्या प्रत्येक गोळीचा आणि पुंगळीचा नकाशावर ठिपका झाला. पुढे पुंगळ्या सूक्ष्मदर्शकाखाली गेल्या. बंदुकीचा घोडा पडला की आतली पिन पुंगळीच्या बुडावर आदळते आणि आपल्या टोकाच्या बारीक ओरखड्यांसह खळगा पाडते. दोन पुंगळ्यांवरचे खळगे तंतोतंत जुळले, तर त्या एकाच बंदुकीतून सुटल्या. खुनाच्या तपासात पोलीस वापरतात तीच ही रीत एका अख्ख्या लढाईला लावली गेली. लाकोटा-शायान बाजूने चाळीसच्या आसपास प्रकारच्या बंदुका वापरल्या गेल्याचे दिसले: नळीच्या तोंडातून ठासायच्या जुन्या बंदुकांपासून हेन्री आणि विंचेस्टरच्या सलग गोळ्या सोडणाऱ्या रायफलींपर्यंत. त्याहून महत्त्वाचे म्हणजे एकेक बंदूक रणांगणावर कुठून कुठे गेली हे कळू लागले. एका कड्यावर झाडलेल्या रायफलीच्या पुंगळ्या पुढे दुसऱ्या टेकडीजवळ सापडत. घोडदळाच्या कार्बाईनच्या पुंगळ्या सैनिकांच्या ठाण्याबाहेर मिळत, म्हणजे शस्त्र हिसकावले जाऊन उलटले होते. काही जागी सैनिकांच्या पुंगळ्या लढाईच्या शिस्तीप्रमाणे रांगेत पसरलेल्या होत्या, तर जिथे ‘अखेरची झुंज’ झाली असे मानत तिथे त्या अगदी विरळ होत्या. फॉक्सने १९९३ मधल्या आपल्या पुस्तकात मांडले की ही मांडणी शिस्तबद्ध प्रतिकाराची नाही, मोडलेल्या फळीची आहे. म्हणजे जवळजवळ तेच, जे त्या साक्षीदारांनी शंभर वर्षांपूर्वी सांगितले होते.

यावर सर्वत्र जी वाक्ये बोलली गेली त्यांचा सूर एकच होता: अखेर पुराव्याने त्यांचे म्हणणे खरे ठरवले. कौतुक म्हणून हे ठीक, पण ज्ञानशास्त्र म्हणून त्यात एक मोठी गफलत आहे. ती दिसण्यासाठी पुंगळीचा काळ कसा ठरतो ते नीट पाहायला हवे. घोडदळाजवळ १८७३ सालच्या बनावटीची स्प्रिंगफील्ड कार्बाईन होती, तिच्या काडतुसात .४५ इंच व्यासाची गोळी आणि ५५ ग्रेन दारू असे. पुंगळी तांब्याची, आणि स्फोटक मसाला आतल्या बाजूला बसवलेला, त्यामुळे बुडावर वेगळी टोपी दिसत नाही. ही काडतुसे फिलाडेल्फियाच्या फ्रँकफर्ड आर्सेनलमध्ये बनत, आणि त्या कारखान्याने बुडावर शिक्का मारायला सुरुवात केली ती मार्च १८७७ मध्ये. ‘आर, एफ, ३, ७७’ असा शिक्का दिसला तर वाचायचे: रायफल, फ्रँकफर्ड, मार्च, १८७७. म्हणजे लिटल बिगहॉर्नच्या सरकारी काडतुसांवर शिक्का नसणे हीच त्यांची खूण. तिथे शिक्क्याची सरकारी पुंगळी मिळाली तर ती नंतरच्या कुणाची तरी, कारण पुढच्या दशकांत त्या माळावर सैनिक आले, समारंभ झाले, बंदुका झाडल्या गेल्या. कुमारिल भट्टाच्या परंपरेने अनुपलब्धी हे स्वतंत्र प्रमाण मानले, पण अट घातली की जी वस्तू असती तर नक्की दिसली असती तिचेच न दिसणे ज्ञान देते. कोरे बूड तेवढ्यानेच काही सांगत नाही. शिक्का मारण्याची पद्धत केव्हा सुरू झाली हे ज्याला ठाऊक आहे त्यालाच ते १८७७ पूर्वीचे दिसते. आणि हे ठाऊक होते कशावरून? कारखान्याच्या नोंदींवरून, लष्करी शस्त्रखात्याच्या अहवालांवरून, म्हणजे कुणीतरी लिहून ठेवलेल्या शब्दावरून.

हेन्री रायफलीचे .४४ चे काडतूसही असेच आहे. त्याच्या बुडावर बऱ्याचदा इंग्रजी ‘एच’ अक्षर असते, ही रायफल घडवणाऱ्या बेंजामिन टायलर हेन्रीच्या सन्मानार्थ विंचेस्टर कंपनीने वापरलेले. पण तो शिक्का कंपनीने पुढे अनेक दशके चालू ठेवला, त्यामुळे एकट्या ‘एच’वरून साल निघत नाही. हेन्री आणि १८६६ सालच्या विंचेस्टरची पिन मात्र दुहेरी असते, ती कडेवर समोरासमोर दोन खुणा पाडते. ती जोडखूण दिसली की रायफलीचे कूळ ठरते. नैयायिकांचे उपमान नावाचे जे तिसरे प्रमाण आहे, त्याचे याहून चोख उदाहरण मला माहीत नाही. गवय गायीसारखा असतो असे कुणा जाणत्याने सांगितलेले असते, मग रानात तसा प्राणी दिसतो आणि ‘हाच तो गवय’ असे ज्ञान होते. पुस्तकात वर्णन वाचलेल्या शोधकाच्या तळहातावर पुंगळी येते आणि ‘हीच ती हेन्रीची’ असे ज्ञान होते, ते याच क्रमाने. डोळ्यांनी पाहणे आहे, साम्य आहे, पण त्याआधी सांगणारा आहे. तो वगळला तर पुंगळी नुसता तांब्याचा तुकडा. पुढचा टप्पा अनुमानाचा: अशी खूण, म्हणून अशी बंदूक, असा शिक्का, म्हणून या सालानंतरची. अनुमानाला व्याप्ती लागते, म्हणजे खूण आणि अनुमित गोष्ट यांचे न चुकणारे साहचर्य. धूर आणि अग्नी यांचे साहचर्य आपण स्वयंपाकघरात डोळ्यांनी पाहतो. पण १८७७ चा शिक्का १८७७ मध्येच मारला जात होता, हे साहचर्य आज हयात असलेल्या कुणीही पाहिलेले नाही. ती व्याप्ती आपल्याला शब्दातूनच मिळते. दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन काडतुसांबाबत तर हे अगदी उघड आहे: कारखान्यांची नावे लपवण्यासाठी तिथे अक्षरांचे सांकेतिक शिक्के मारले जात, आणि सांकेतिक यादी हाती नसेल तर त्या अक्षरांतून कारखाना काढता येत नाही.

इथे पहिला गंभीर आक्षेप येतो, आणि तो खोडून काढणे सोपे नाही. आक्षेपक म्हणेल: मान्य, वस्तूच्या वाचनामागे शब्द आहे, पण कोणता शब्द? कारखान्यातल्या कारकुनाची रोजची नोंद. तिला कस्टरशी देणेघेणे नाही, लाकोटांशीही नाही. योद्ध्याच्या आठवणीमागे मात्र अभिमान आहे, भीती आहे, वैर आहे. तटस्थ शब्दावर उभे राहिलेले अनुमान आणि गुंतलेल्या माणसाची साक्ष एका पंक्तीला कशी बसवायची? या आक्षेपातले तथ्य मी स्वीकारतो. शब्दाशब्दांत फरक असतो आणि तटस्थता हा गुण आहे. पण हे मान्य करताना वाद कुठे सरकला ते पाहा. सुरुवात झाली होती वस्तू विरुद्ध माणूस अशी. आता प्रश्न उरला कोणता माणूस किती विश्वासार्ह, हा. मग प्रत्येक सांगणाऱ्याची वेगळी परीक्षा करावी लागते, एका घोषणेने सगळ्यांना बाद करता येत नाही. शिवाय गुंतलेला शब्द दोन्ही बाजूंना होता. मेजर रीनोने लढाईनंतर लगेचच लिहून कळवले की कार्बाईनमध्ये पुंगळ्या अडकत होत्या आणि त्या चाकूने उपसाव्या लागत. पराभवाचे खापर हत्यारावर फुटावे असे वाटण्याची कारणे त्याच्यापाशी पुरेशी होती. तरी ते म्हणणे शंभर वर्षे आदराने उद्धृत होत राहिले. उत्खननातल्या पुंगळ्या तपासल्या तेव्हा उपसल्याच्या खुणा अगदी थोड्यांवर मिळाल्या.

दुसरा आक्षेप शास्त्रातूनच येतो. वैशेषिक आणि बौद्ध दोघेही शब्दाला वेगळे प्रमाण मानत नाहीत. त्यांच्या मते, सांगणारा विश्वासार्ह आहे, म्हणून तो म्हणतो ते खरे, असे अनुमानच आपण करतो. तसे असेल तर शब्द हा अनुमानाचा दुय्यम, लांबचा प्रकार ठरतो आणि पुंगळीवरचे अनुमान सरळ व जवळचे. न्यायदर्शन याला वेगळ्या पायावर उत्तर देते. त्यात मी इथे शिरत नाही. मला एवढेच दाखवायचे आहे की बौद्धांचे म्हणणे पूर्ण मान्य केले तरी पुंगळीची बाजू वर येत नाही. शब्द हे अनुमान असेल तर पुंगळीमागची व्याप्ती शब्दातून आलेली, म्हणजे पुंगळीचे ज्ञान अनुमानावरचे अनुमान झाले. लांबचे कोण, हे मग उलटेच ठरते. चार्वाक तर याहून पुढे जाऊन म्हणेल की व्याप्ती कधीच पक्की होत नाही, दोन पिनांचे ओरखडे सारखे निघणारच नाहीत याची हमी कोण देतो? हा प्रश्न पोकळ नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या २००९ च्या अहवालाने बंदुकीच्या खुणांवरून एकच शस्त्र ठरवण्याच्या पद्धतीला पुरेसा संख्यात्मक आधार नसल्याचे स्पष्ट नोंदवले. उदयनाचार्यांनी न्यायकुसुमांजलीत दिलेले उत्तर इथेही लागू पडते: शंका व्यवहाराशी विसंगत होईपर्यंतच ताणता येते, त्यापुढे ती शंका घेणाऱ्यालाच जगता येत नाही. पण मग हीच मुभा माणसाच्या शब्दालाही द्यायला हवी. रोजचे जगणे शब्दावरच्या विश्वासाने चालते. साक्षीदाराकडून शंभर टक्के हमी मागणारा, पिनेच्या ओरखड्याकडून मात्र ती मागत नसेल, तर त्याच्या शंकेमागे ज्ञानाची ओढ नसून पक्षपात आहे.

वस्तूच्या साक्षीत चूक कुठे शिरते, हे इथे थोडे थांबून पाहण्यासारखे आहे. हेत्वाभासांची जुनी वर्गवारी मेटल डिटेक्टर वापरणाऱ्याने पाठ करावी इतकी ती इथे उपयोगी आहे. सर्वांत सर्रास होणारी चूक म्हणजे घडणीचे साल हेच वापराचे साल समजणे. पुण्याजवळच्या खडकीच्या दारूगोळा कारखान्याचा शिक्का असलेली .३०३ ची पुंगळी घ्या. त्या शिक्क्यात ‘के’ आणि ‘एफ’ ही अक्षरे आणि सालाचे आकडे असतात. १९४३ चे आकडे असतील तर ती १९४३ पूर्वी झाडली गेली नाही, एवढेच सिद्ध होते. ती त्याच वर्षी ब्रह्मदेशात झाडली गेली असेल, किंवा वीस वर्षांनी एखाद्या सरावाच्या मैदानावर. पेटीत कोरडे राहिलेले काडतूस दीर्घकाळ टिकते. शिक्का खालची मर्यादा देतो, वरची देत नाही, आणि जो हेतू दोन्हीकडे जातो त्याला नैयायिक अनैकांतिक म्हणतात. दुसरी चूक जागेची. पुंगळी सापडली तिथेच बंदूक झाडली गेली, हे अनुमान पुंगळी मधल्या काळात हलली नाही या अटीवर टिकते. नांगराने, पुराने, उंदराने किंवा छंदी संग्राहकाने ती हलवली असेल तर ती उपाधी (निष्कर्षामागची लपलेली अट) अनुमान मोडते. लिटल बिगहॉर्नच्या ‘अखेरच्या झुंजी’च्या टेकडीवर पुंगळ्या कमी का, यावर हाच आक्षेप घेतला गेला: सर्वांत प्रसिद्ध जागा, म्हणून स्मरणचिन्हे वेचणाऱ्यांनी तीच सर्वांत आधी साफ केली. आक्षेप वजनदार आहे. फॉक्सचा निष्कर्ष केवळ त्या विरळपणावर उभा असता तर तो डळमळला असता. तो टिकतो तो इतर ठाण्यांवरच्या मांडणीमुळे आणि साक्षींशी जुळल्यामुळे. म्हणजे इथे शब्दाने धातूला सावरले आहे, आणि ही गोष्ट ‘पुराव्याने त्यांना खरे ठरवले’ म्हणणाऱ्यांच्या नजरेतून निसटते.

आप्त कोण, याविषयी वात्स्यायनाने न्यायभाष्यात जे लिहिले आहे ते या संदर्भात मला अतिशय मोलाचे वाटते. ज्याला विषयाचे साक्षात ज्ञान आहे आणि जे जसे पाहिले तसे सांगण्याची इच्छा आहे, तो आप्त. आणि हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या तिघांना सारखेच लागू आहे. पाचव्या शतकाच्या सुमारास, वर्णाश्रमाच्या चौकटीत बसून लिहिणाऱ्या माणसाने साक्षीचा अधिकार जन्मापासून तोडून ज्ञानाला आणि प्रामाणिकपणाला जोडावा, ही लहान गोष्ट नाही. एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकन वाचकाला हे जमले नाही. लाकोटा आणि शायान साक्षीदारांपाशी पहिली अट, साक्षात ज्ञान, पूर्ण होती, आणि ती अमेरिकेत दुसऱ्या कुणापाशी नव्हती. दुसऱ्या अटीबाबत अडचण होती, ती प्रांजळपणे मांडायला हवी. त्यांना शिक्षेची भीती होती; जिंकलेल्या लढाईनंतर थोड्याच काळात ते राखीव क्षेत्रांत कोंडले गेले होते आणि प्रश्न विचारणारा बऱ्याचदा लष्करी अधिकारीच असे. काहींनी ऐकणाऱ्याला बरे वाटेल ते सांगितले. दुभाषे कच्चे होते. त्यांच्या हकिकतींत वेळेचा, क्रमाचा, कुणी कुणाला मारले याचा मेळ नाही. काही शायान साक्षींत पुष्कळ सैनिकांनी घाबरून स्वतःवरच गोळ्या झाडल्याचे येते, इतर साक्षींत ते येत नाही, आणि तो प्रश्न पुंगळ्यांनीही सुटत नाही. पण साक्षींत विसंगती आहे, म्हणून सगळी साक्ष टाकाऊ, हा न्याय कुणी पुंगळ्यांना लावत नाही. तिथे विसंगती दिसली की आपण आणखी बारकाईने पाहतो.

मीमांसक आणि नैयायिक यांच्यातला प्रामाण्यवाद इथे आठवतो. मीमांसकांच्या मते ज्ञान उपजतच प्रमाण असते. बाधक कारण दिसेपर्यंत ते खरे मानायचे. नैयायिकांच्या मते प्रामाण्य बाहेरून, पडताळ्याने ठरते. दोन्ही भूमिका आपापल्या जागी प्रामाणिक आहेत आणि कुणीही कोणतीही घ्यावी. लिटल बिगहॉर्नच्या इतिहासलेखनात मात्र दोन्ही एकदमच वापरल्या गेल्या: कस्टरच्या दंतकथेला स्वतःप्रामाण्य, आणि मूळ रहिवाशांच्या साक्षीला परतःप्रामाण्य. एकाला बाधक दिसेपर्यंत मान्यता, दुसऱ्याला पुंगळी सापडेपर्यंत प्रतीक्षा. कोणत्याही एका सिद्धान्तावर ठाम राहिले असते तर १८८१ मध्येच निकाल वेगळा लागला असता. मराठी वाचकाला हा प्रसंग अनोळखी वाटू नये. राजवाड्यांनी १८९८ पासून मराठ्यांच्या इतिहासाची साधने छापताना अस्सल समकालीन पत्रांना बखरींच्या वर बसवले, आणि बखरींतल्या कालविपर्यासावर कठोर टीका केली. त्या शिस्तीचे ऋण आपल्या इतिहासलेखनावर कायमचे आहे. पण त्या शिस्तीचा सोपा केलेला अवतार, म्हणजे बखर म्हटली की कल्पित आणि कागद म्हटला की सत्य, हा राजवाड्यांच्या व्यासंगाचा वारसा नव्हे. कागदही कुणाचा तरी शब्दच असतो, आणि पत्र लिहिणाऱ्यालाही काही लपवायचे असू शकते.

कुणी विचारेल, मग पुंगळीने नवे दिले तरी काय? पुष्कळ दिले, आणि ते कमी लेखणे माझ्या युक्तिवादाला लागत नाही. एक रायफल एका कड्यावरून दुसऱ्या टेकडीकडे सरकली, ही गोष्ट कोणत्याही एका माणसाच्या नजरेत मावणारी नव्हती. धुराने आणि धुळीने भरलेल्या रणांगणात प्रत्येकाला आपल्यापुरते दिसते. ते सगळे एका नकाशावर मांडून पाहण्याची सोय पुंगळ्यांनी केली. उलट, पिनेची खूण बंदूक ओळखते, माणूस ओळखत नाही. ती रायफल दुपारी एकाच्या हातात आणि संध्याकाळी दुसऱ्याच्या हातात असेल तर धातूला ते कळत नाही. त्या दिवशी धनुष्यबाणही मोठ्या प्रमाणावर होते. लोखंडी बाणाग्रे मिळतात, पण कोणता बाण कुठून सुटला हे सांगणारी पुंगळी बाणाला नसते. भीती, घाई, वस्तीतल्या बायकामुलांना सुरक्षित जागी हलवण्याची धडपड, यांतले काहीही यंत्रावर वाजत नाही. एकच अर्थ अनेक प्रमाणांनी कळू शकतो, याला नैयायिक प्रमाणसंप्लव म्हणतात, आणि वात्स्यायनाचे उदाहरण अग्नीचेच आहे: आधी कुणी सांगते, मग धूर दिसतो, मग जवळ जाऊन अग्नी दिसतो. १८७६ च्या अग्नीजवळ आता कुणाला जाता येणार नाही. उरले सांगणे आणि धूर. त्यांपैकी एकाला दुसऱ्याचा न्यायाधीश नेमण्याने दोन्हींचे नुकसान होते.

तरीही कुणाला वाटेल की दगडावर कोरलेले निदान बदलत नाही, आठवण बदलते. या रणभूमीवरच त्याचे उत्तर आहे. सैनिक जिथे पडले तिथे १८९० मध्ये पांढऱ्या संगमरवराचे दगड बसवले गेले. मृत सुमारे २१०, आणि मैदानावरचे दगड सुमारे २५०. उत्खननात दिसले की शेजारीशेजारी जोडीने उभ्या असलेल्या दगडांखाली बऱ्याचदा एकाच माणसाचे अवशेष आहेत. मारल्या गेलेल्या योद्ध्यांच्या जागी १९९९ पासून लाल ग्रॅनाइटचे दगड बसवले जाऊ लागले. त्यांच्या जागा ठरवताना कुटुंबांनी आणि जमातींनी पिढ्यान्‌पिढ्या जपलेल्या स्मृतीचा आधार घेतला गेला.

यातून मेटल डिटेक्टर घेऊन हिंडणाऱ्यासाठी जे निघते ते तंत्राचे वाटले तरी त्याच्या मुळाशी ज्ञानाचाच प्रश्न आहे. जमिनीतून उपसून खिशात टाकलेली पुंगळी आपले कूळ सांगेल, पण लढाईविषयी काही सांगू शकणार नाही; तिचे अर्धे बोलणे तिच्या जागेत होते. घासून चकचकीत केली तर पिनेचे बारीक ओरखडेही गेले. न झाडलेले काडतूस असेल तर त्यातली दारू अजून जिवंत असू शकते, त्याला हात न लावता जाणत्यांना कळवणे एवढेच योग्य. अभ्यासकांनी ही शिस्त आता चांगली बाणवली आहे. माझा आग्रह असा, की माणसाच्या शब्दालाही नेमकी हीच शिस्त लावावी, कारण शब्दालाही सापडण्याची जागा असते, थर असतो, तो हलवला गेलेला असतो. रेड हॉर्सची हकीकत १८८१ मध्ये चार्ल्स मॅकचेस्नी या लष्करी डॉक्टरने टिपली, ती खाणाखुणांच्या भाषेचा अभ्यास करता करता. वुडन लेग हा शायान योद्धा लढाईच्या वेळी अठरा वर्षांचा होता. त्याची हकीकत पुस्तकरूपाने आली १९३१ मध्ये, आणि तीही थॉमस मार्क्विस या डॉक्टरने हातांच्या खुणांतून समजून घेऊन. त्या पुस्तकात वुडन लेग प्रथमपुरुषी इंग्रजीत बोलतो, जी भाषा त्याने मार्क्विससमोर वापरली नव्हती. म्हणून त्यातला एखादा शब्द पकडून वुडन लेगला खोटा पाडण्याआधी तो शब्द कोणत्या थरातला आहे हे विचारावे लागते: १८७६ च्या डोळ्यांचा, पन्नासहून अधिक वर्षांनी हललेल्या हातांचा, की मार्क्विसच्या लेखणीचा. पुंगळीच्या बुडाकडे भिंग लावून पाहणारा माणूस नेमके हेच करत असतो.